डोंगरावरचा लहान दिवस

दसरा होतो, दिवाळी तोंडावर येते, आणि चार महिने ढगांत दडून बसलेले डोंगर पुन्हा दिसू लागतात. पुण्यात पर्वतीवर उभे राहिले की सिंहगड हाताच्या अंतरावर आल्यासारखा वाटतो. वाटांवरचा चिखल सुकलेला असतो, ओढ्यांचा जोर ओसरलेला असतो, हवा धुतल्यासारखी निर्मळ झालेली असते. अशा वेळी पावले आपोआप डोंगराकडे वळतात. शाळांच्या सहलीही याच सुमारास निघतात. शरद सरून हेमंत लागतो तो हा काळ, म्हणजे ढोबळमानाने कार्तिक आणि मार्गशीर्ष. सह्याद्रीत हिंडायला याहून चांगला काळ नाही, असे जुनी जाणती माणसे सांगतात आणि ते खरेच आहे.

पण याच काळाविषयी एक गोष्ट आज तुम्हांला सांगायची आहे. पावसाळ्यात डोंगराची भीती डोळ्यांना दिसते. धबधबा दिसतो, निसरडी वाट दिसते, दरड कोसळलेली दिसते. त्यामुळे माणूस मुळातच जपून वागतो. पाऊस गेल्यावर हे सगळे नाहीसे होते आणि आपण निर्धास्त होतो. मात्र त्याच वेळी तीन गोष्टी गुपचूप बदलत असतात : दिवस आखडतो, रात्र गारठते आणि पाणी आटते. या तिन्हींचा हिशोब ज्याने घराबाहेर पडण्यापूर्वी केला, त्याला हा ऋतू भरभरून देतो. ज्याने केला नाही, त्याच्यावर कधी कधी अंधारात कड्याच्या काठी बसून राहण्याची पाळी येते.

आधी दिवसाचा हिशोब पाहू. पुण्याला जूनच्या अखेरीस सूर्य संध्याकाळी सव्वासातच्या आसपास मावळतो. १ ऑक्टोबरला तो ६ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास जातो आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ६ वाजायच्या आतच, म्हणजे ५ वाजून ५६-५७ मिनिटांनी. ज्याने हा डोंगर जूनमध्ये पाहिला आहे, त्याच्या हातचा सव्वा तास नोव्हेंबरात कमी झालेला असतो. डोंगरात सव्वा तास म्हणजे अर्ध्या गडाची उतरण होय.

इथे एक गंमत आहे, ती शिक्षकमित्रांनी वर्गात जरूर सांगावी. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, हे आपल्याला पाठ असते. मग सूर्यही त्याच दिवशी सर्वांत लवकर मावळत असेल, असे वाटते. तसे होत नाही. पुण्यात सर्वांत लवकर सूर्यास्त होतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. कारण असे, की सूर्य डोक्यावर येण्याची घड्याळातली वेळ वर्षभर एकच नसते. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची सूर्याभोवतीची चालही सारख्या वेगाची नाही. त्यामुळे नोव्हेंबरच्या आरंभी पुण्याचा खरा मध्यान्ह १२ वाजून १८ मिनिटांना होतो, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो १२ वाजून ४० मिनिटांपर्यंत पुढे सरकतो. मध्यान्ह पुढे गेला की सूर्यास्तही त्याच्याबरोबर पुढे जातो. म्हणून डिसेंबरात दिवस आखडत असतानाच संध्याकाळ मात्र थोडी थोडी लांबू लागते. डोंगरात जाणाऱ्याने यातून एवढेच ध्यानात ठेवावे, की संध्याकाळच्या दृष्टीने सर्वांत कंजूष दिवस नेमके दिवाळीनंतरच्या सहलींचे असतात.

शिवाय पंचांगातला सूर्यास्त हा मोकळ्या क्षितिजाचा. दरीतल्या माणसाला पश्चिमेकडची रांग आड येते आणि त्याचा सूर्य तासभर आधीच जातो. मावळल्यानंतरचा संधिप्रकाशही आपल्या मुलखात फार वेळ टिकत नाही. युरोपातल्या थंड देशांत सूर्य तिरपा खाली उतरतो, म्हणून तिथली सांज लांबते. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो आणि वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचा दगड दिसेनासा होतो. गुरे राखणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असते. दिवस कलला की तो गुरे वळवतो. शहरात दिव्यांच्या उजेडात वाढलेल्या माणसाला ते शिकावे लागते.

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला ती गवळण गडावर गेली, सूर्य मावळताच दरवाजे मिटले, आणि घरच्या तान्ह्या बाळासाठी ती रात्री कडा उतरली, असे सांगतात. आपण या कथेतले आईचे काळीज पाहतो आणि ते योग्यच आहे. पण कथेची सगळी अडचण सूर्यास्ताने निर्माण केली आहे, हेही पाहावे. ऋतूही हाच. अंधारात कडा उतरणे हे तिने बाळासाठी केले. गंमत म्हणून करायची ती गोष्ट नव्हे. तसेच तानाजी मालुसऱ्यांचे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे सिंहगडावर चढले, तो दाखला देऊन काही तरुण रात्री भलत्याच वाटेला लागतात. मावळ्यांचा जन्म त्या डोंगरात गेला होता, आणि त्यांच्यापुढे गड घेण्याचे काम होते, हे ते विसरतात.

मग हिशोब करायचा कसा? १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा आडाखा बसवून दिला. सपाटीवर दर पाच किलोमीटरला साधारण एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढणीला आणखी एक तास मिळवावा. समजा, गडाची वाट चार किलोमीटरची आहे आणि चढण सहाशे मीटरची. चालण्याचे ४८ मिनिटे आणि चढणीचा एक तास, म्हणजे १ तास ४८ मिनिटे झाली. पण हा आडाखा सरावाच्या धट्ट्याकट्ट्या माणसाचा आहे. बरोबर चाळीस मुले असतील तर तो दीडपट करा, कारण घोळक्याची चाल ही त्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाची चाल असते. म्हणजे पावणेतीन तास झाले. उतरायला सव्वादोन तास धरा. उतार सोपा असतो हा समज खोटा आहे; थकलेले गुडघे आणि घसरती माती उतारालाच घात करतात.

आता उलटीकडून मोजा. नोव्हेंबर अखेरीस सूर्य ६ च्या आत मावळतो. एक तास हाताशी राहावा म्हणून पायथ्याला ५ वाजता पोहोचायचे. त्यासाठी माथा २.४५ ला सोडला पाहिजे. जेवण आणि गड पाहणे यांना दोन तास दिले, तर १२.४५ ला माथ्यावर हवे. म्हणजे पहिले पाऊल चढणीवर पडले पाहिजे १० वाजता. वाटेत एखाद्याचा पाय मुरगळला, एखाद्याची चप्पल तुटली, तर म्हणून ९ ला निघालेले बरे. आणि एक नियम सगळ्यांना आधीच सांगून ठेवायचा : पावणेतीन वाजले, की जिथे असू तिथून परत फिरायचे. माथा हाकेच्या अंतरावर असला तरीही. गड कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी तो तिथेच असतो. मुले हिरमुसली होतील, होऊ द्यात. मास्तरांनी तेवढी नाराजी पत्करावी.

दुसरी गोष्ट थंडीची. नोव्हेंबरात पुण्याला दुपारी तीस अंशांच्या आसपास तापमान असते. घामाघूम होऊन निघालेल्या माणसाला स्वेटर बरोबर घ्या म्हटले तर हसू येते. पण पहाटे तोच पारा पंधराच्या आत-बाहेर येतो आणि पौष-माघात बराच खाली जातो. शिवाजीनगरच्या वेधशाळेची जुनी इमारत अजून ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखली जाते, कारण हवामान खात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आली. त्या वेधशाळेच्या नोंदीत पुण्याचे सर्वांत कमी तापमान आहे १.७ अंश, तारीख १७ जानेवारी १९३५.

दिवस एवढा उबदार आणि रात्र एवढी गार, असे का होते? पावसाळ्यात आकाशात ढगांची गोधडी असते. दिवसा जमिनीने घेतलेली उष्णता रात्री वर निघून जाऊ पाहते, ती ही गोधडी अडवून धरते. आश्विनात गोधडी निघते, आकाश उघडे पडते आणि जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. जमीन निवते, तिला लागून असलेली हवा निवते, त्या हवेतली वाफ गवतावर दव होऊन बसते. रब्बीचा हरभरा ज्या दवावर पोसतो, तेच दव उघड्यावर झोपलेल्या मुलाच्या पांघरुणातही मुरते.

उंच गेले की थंडी वाढते, हा सर्वसाधारण नियम आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश असा उतार धरतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, सिंहगड सुमारे १३०० मीटर. तेव्हा दिवसा गडावर शहरापेक्षा पाच अंश कमी असणार. पण हेमंतातल्या निवांत रात्री हा नियम चक्क उलटा होतो. थंड हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी हळूहळू खाली वाहते आणि दरीच्या तळाशी, ओढ्याकाठी, तळ्याकाठी साचते. महाबळेश्वरला कडक थंडी पडली की वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. तलाव तर गावापेक्षा खालच्या अंगाला आहे. तरी हिम तिथे दिसते, वर गावात दिसत नाही. याचे कारण हेच. तुमच्या गावातही हे पाहता येईल. पहाटे चुली पेटल्यावर धूर सरळ वर न जाता गावावर आडव्या पट्ट्यासारखा तरंगतो. खाली गार हवा, वर ऊबदार हवा, आणि त्या दोहोंच्या सीमेवर धूर अडकतो.

तेव्हा मुक्काम करायचाच असेल तर पाण्याच्या सोयीसाठी अगदी ओढ्याच्या काठी करू नये. थोडे वर, वाऱ्याला आडोसा असलेल्या पठारावर, देवळात किंवा गावातल्या शाळेत करावा. आणि घामाने भिजलेला सदरा माथ्यावर पोहोचताच बदलावा. उन्हाळ्यात माठातले पाणी गार कशाने होते? माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी उडून जाताना ऊब घेऊन जाते. भिजल्या सदऱ्याने वाऱ्यावर बसलेले मूल म्हणजे एक माठच. ते कुडकुडायला लागले, त्याची बोलण्याची गती मंदावली, की त्याला कोरडे कपडे, गोड गरम चहा आणि आडोसा तात्काळ द्यावा.

तिसरा हिशोब पाण्याचा. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा बनला आहे. काळ्या पाषाणाच्या भेगांतून पावसाचे पाणी आत मुरते आणि जिथे घट्ट थर लागतो तिथे कड्यातून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. भाद्रपद-आश्विनात असे झरे वाटोवाट भेटतात. ज्याने ते तेव्हा पाहिले, तो मार्गशीर्षात रिकामी बाटली घेऊन निघतो आणि फसतो. पोटातला साठा संपला की झरा मुका होतो. पूर्वीच्या लोकांना हे नीट कळत होते, म्हणून त्यांनी गडांवर कातळात टाकी खोदली. सिंहगडाचे देवटाके सर्वांना माहीत आहे. मात्र प्रत्येक टाक्याचे पाणी आज पिण्याजोगे असतेच असे नाही. पायथ्याच्या गावात विचारून घ्यावे आणि माणशी दोन-तीन लिटर पाणी बरोबर ठेवावे. टाक्यात कोणी उतरू नये, हात-पाय धुऊ नयेत, भांडी बुडवू नयेत. पुढे आठ महिने तेच पाणी पुरायचे असते.

वाटेचेही रूप या दिवसांत बदलते. पावसाने सैल झालेला मुरूम वाळून कातळावर दाण्यांसारखा पसरतो. सुकलेले गवत आडवे पडून गुळगुळीत होते आणि कड्याची कड झाकून टाकते. तेव्हा उतरताना पाऊल आडवे टाकावे, पळू नये. कुसळे मोज्यांत शिरतात, ती सोसावीत. पण गवताला काडी लावून वाट मोकळी करण्याचा विचार चुकूनही मनात आणू नये. वाळल्या रानात तीन दगडांची चूल, विझवायची राहिलेली विडी, एवढेही वणव्याला पुरते. ते गवत म्हणजे पायथ्याच्या गावाची वैरण असते. गवतात पाखरांचा निवारा असतो, सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी असते. वणवा एका दुपारी हे सारे फस्त करतो. कड्यांच्या पोटाला आग्या मोहळे लटकतात. त्यांच्याखाली धूर, आरडाओरडा, दगडफेक आणि अत्तराचा वास ही चारही टाळावीत. माश्या उठल्याच, तर हात न झटकता डोके-तोंड कपड्याने झाकून, पायाखाली पाहत, तिथून दूर व्हावे.

आणि निर्मळ आकाशावर फार विसंबू नये. पाऊस गेला तरी समुद्र शांत झालेला नसतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचाही काळ आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ नावाचे चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुडहुड’ वादळ विशाखापट्टणमजवळ जमिनीवर आले, आणि दोनच दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी थेट नेपाळात अन्नपूर्णेच्या परिसरात प्रचंड बर्फ ओतले. थोरोंग खिंडीच्या वाटेवर चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यात परदेशी प्रवासी होते, तसेच स्थानिक नेपाळी माणसेही होती. हिमालयातल्या पदभ्रमणाचा तोही सर्वोत्तम हंगाम समजला जातो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी रेडिओवरचा हवामानाचा अंदाज ऐकायला पाच मिनिटे लागतात, ती द्यावीत.

आता पायथ्याच्या गावांत राहणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. शहरातली मंडळी वाट चुकली, की रात्री हाक तुमच्याच दारावर येते. खळ्यावर भात झोडून थकलेली माणसे विजेऱ्या घेऊन रान धुंडाळायला निघतात. त्याबद्दल त्यांचे कोणी आभारही मानत नाही. म्हणून येणाऱ्यांना निःसंकोच विचारत जा : किती जण, कोणत्या वाटेने, परत कधी? दुपार कलल्यावर कोणी चढू लागले तर थांबवा. वाटाड्या म्हणून जायचे झाले तर योग्य मोबदला मागा. तुमच्या ज्ञानाची ती किंमत आहे. आणि आपण जे जाणार, त्यांनी गावात सांगून जावे, परतल्यावर पुन्हा सांगावे, भाताच्या खाचरांतून आडवे न जाता बांधाने जावे. डोंगराच्या आड मोबाईलला रेंज मिळत नाही. तिथे गावातल्या एका माणसाला ठाऊक असणे हीच मोठी सोय. जिथे रेंज आहे तिथे ११२ हा सरकारी मदतीचा क्रमांक ध्यानात असू द्यावा.

शेवटी, गुरुजींसाठी एक छोटा प्रयोग सुचवतो. शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवा. दर शनिवारी बारा ते एकच्या दरम्यान तिची सर्वांत आखूड सावली मुलांना मोजायला लावा आणि भिंतीवरच्या कागदावर लिहायला लावा. सप्टेंबरच्या २३ तारखेला पुण्याच्या परिसरात ती सुमारे ३३ सेंटिमीटर भरेल. डिसेंबरच्या २२ तारखेपर्यंत ती सुमारे ९० सेंटिमीटरपर्यंत लांबेल. शेजारी सूर्यास्ताची वेळ आणि गावच्या झऱ्याखाली एक कळशी भरायला लागणारा वेळ, ह्याही नोंदी ठेवा. दिवस आखडतो कसा, पाणी आटते कसे, हे मुलांनी स्वतः मोजलेले असेल, तर सहलीच्या दिवशी ‘पावणेतीनला परत फिरायचं’ हे तुम्हांला सांगावेही लागणार नाही. तीच एकमेकांना सांगतील.

असे तयार होऊन जरूर जा. पहाटे माथ्यावरून खालच्या दऱ्यांत साचलेले धुके पाहा. ऊन चढले की ते कसे हलकेच सुटते, ते पाहा. आणि उन्हे तिरपी होण्याआधी खाली या. पायथ्याच्या गावात दिवे लागतील तेव्हा आपली सगळी माणसे मोजून घ्या, आणि मग घरची वाट धरा.